पावसाने आखलेले घर : पालीच्या जांभ्यातून गृहरचनेचा विचार

घराचा अंतर्भाग निसर्गाच्या प्रेरणेने सजवावयाचा म्हणजे काय, या प्रश्नाचे बाजारात सहज मिळणारे उत्तर फार सोपे आहे : भिंतीवर पानांच्या नक्षीचा कागद, कोपऱ्यात एखादी कुंडी, लाकडासारखी दिसणारी फरशी आणि मातकट रंगाचे पडदे. या वस्तूंनी डोळ्यांना विसावा मिळत असेलही. परंतु ज्या भिंतीवर पानांचे चित्र लावले, त्याच भिंतीतून आषाढात पाणी झिरपत असेल, तर त्या घराने निसर्गाची दखल घेतली असे म्हणता येणार नाही. 'शाश्वत' हा शब्दही असाच सैलपणे वापरला जातो. उभारताना, वापरताना आणि अखेर मोडताना जे घर भोवतालच्या जमिनीवर, पाण्यावर आणि पुढच्या पिढीवर कमीत कमी भार टाकते, ते शाश्वत घर, एवढा साधा अर्थ मनाशी धरला तर पुष्कळ गोंधळ टळतो. निसर्गप्रेरणा आणि शाश्वतता या दोन्ही कल्पना एकाच जागी तपासून पाहावयाच्या असतील, तर कोकणातील जांभ्याच्या घराइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल, कारण या घराची खोलीन् खोली पावसाने आखून दिलेली आहे.

या विवेचनासाठी रत्नागिरी तालुक्यातील पाली हे गाव समोर ठेवले आहे. बल्लाळेश्वराचे पाली रायगड जिल्ह्यात आहे, ते येथे अभिप्रेत नाही. हे पाली मुंबई-गोवा महामार्गावर, कोल्हापूरकडे जाणारा रस्ता जेथे फुटतो तेथे, किनाऱ्यापासून आत वसलेले आहे. समुद्राचा दमटपणा येथपर्यंत पोचतो, सह्याद्रीकडे सरकणारे ढग येथून जातात आणि पायाखाली जांभा दगड आहे. शिवाय महामार्गामुळे बाहेरगावची फरशी, प्लायवूड आणि पत्रा दारापर्यंत येऊन पडतो. जुने घर दुरुस्त करावे की मोडून नवे बांधावे, हा प्रश्न अशा गावातील कुटुंबांपुढे रोजचा झाला आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना सौंदर्याच्या आधी तीन साधे प्रश्न विचारणे उपयोगाचे ठरते : वस्तू भिजल्यावर वाळते का, बिघडल्यावर गावातल्या हातांनी दुरुस्त होते का आणि निकामी झाल्यावर मातीला जड न होता परत जाते का.

पाऊस हाच पहिला आराखडा

रत्नागिरीच्या परिसरात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या आकड्याचा घराच्या दृष्टीने अर्थ लावायचा तर हिशेब सरळ आहे : एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, म्हणून शंभर चौरस मीटरच्या छपरावर एका पावसाळ्यात सुमारे तीन लाख लिटर पाणी उतरते. हे पाणी भिंतीपासून किती दूर पडते, यावर आतील रंग, लाकूड, गाद्या आणि माणसांची छाती या सर्वांचे आरोग्य अवलंबून असते.

पडणाऱ्या पाण्याइतकाच हवेतला दमटपणा महत्त्वाचा असतो. हवा विशिष्ट तापमानाला जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, तिच्या तुलनेत प्रत्यक्षात असलेल्या वाफेच्या प्रमाणाला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. भर पावसाळ्यात येथे ती दिवसचे दिवस ८५ टक्क्यांच्या वर राहते आणि तेवढ्या ओलीत कपड्यांवर, चामड्यावर, पुस्तकांवर आणि कपाटाच्या मागल्या बाजूला बुरशी धरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत अशा घरांत राहणाऱ्यांना दम्याचा आणि श्वसनाच्या इतर तक्रारींचा धोका वाढतो असे स्पष्ट म्हटले आहे. लहान मुले आणि वृद्ध एकत्र राहणाऱ्या घरात कोरडेपणा ही म्हणूनच पहिली गरज ठरते, आणि अंतर्गत सजावटीचा विचार दिवाणखान्यात सुरू न होता वळचणीखाली, म्हणजे छपराच्या भिंतीबाहेर आलेल्या कडेखाली, सुरू होतो.

खळ्यापासून माजघरापर्यंत

पारंपरिक घराचा आडवा छेद कल्पनेने डोळ्यांसमोर आणला तर बाहेरून आत एकेक पायरी चढत जाणारी रचना दिसते. पुढे खळे, म्हणजे चोपून सारवलेले अंगण, त्यात तुळशीवृंदावन. मग जोत्यावर बेताच्या उंचीची पडवी. तिच्याहून थोडी उंच ओटी. ओटीच्या आत माजघर, त्याला लागून देवघर व स्वयंपाकघर. आणि शेवटी मागची पडवी, न्हाणीघर व मागील दार. या क्रमात ऊन, पाऊस आणि पाहुणा हे तिघेही टप्प्याटप्प्याने आत येतात. पडवीत झड येते, ओटीवर फक्त तिचा गारवा येतो आणि माजघरात पावसाचा नुसता आवाज पोचतो. उघडे आणि बंद यांच्या मधली ही जागा पावसाळ्यात ओले कपडे, छत्र्या, चपला आणि भिजून आलेली माणसे स्वतःकडे ठेवून घेते, उन्हाळ्यात भिंतीवर सावली धरते आणि वर्षभर घरातल्या मुलांना व म्हाताऱ्यांना हवा, उजेड व रस्त्यावरची वर्दळ अनुभवण्याची सोय करून देते. पडवीभर पागोळ्या पडत असताना तांदूळ निवडणारी आजी आणि शेजारी पाटी घेऊन बसलेले नातवंड हे कोकणातले नेहमीचे दृश्य या रचनेमुळेच शक्य झाले.

अशी मधली जागा पावसाच्या इतर देशांनीही शोधली आहे. जपानी घरातील 'एन्गावा' हा खोल्यांच्या कडेने जाणारा लाकडी सोपा पडवीचाच भाऊबंद आहे, आणि श्रीलंकेचे वास्तुरचनाकार जेफ्री बावा (१९१९–२००३) यांनी आपल्या आधुनिक इमारतींत लांब वळचणी, उघडे सोपे आणि अंगणे यांना मानाचे स्थान दिले. रत्नागिरीत ज्यांना जुनी रचना प्रत्यक्ष पाहावयाची आहे, त्यांना लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान आणि मालगुंड येथे १९९४ मध्ये उभारलेल्या स्मारकात जतन केलेले केशवसुतांचे घर ही दोन ठिकाणे उपलब्ध आहेत.

जुन्या घराचा गौरव करताना त्याचे दोष झाकणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. पडवी, ओटी आणि माजघर यांच्या पायऱ्या हवामानाने जशा ठरवल्या, तशाच त्या जातीने आणि बाईपणाने ठरवल्या होत्या. कोणी पडवीच्या पुढे यायचे नाही, कोणी माजघराच्या बाहेर यायचे नाही, असे अलिखित नियम त्या उंबरठ्यांना चिकटलेले होते आणि घरातील सर्वांत काळोखी, सर्वांत धुरकट जागा बायकांच्या वाट्याला येत असे. नव्या घराने छेद जरूर घ्यावा, उंबरठे घेऊ नयेत. स्वयंपाकघराला पूर्वेचा उजेड आणि मागच्या पडवीची मोकळी हवा देणे, माजघर ओटीशी मोठ्या उघडणाऱ्या दाराने जोडणे, पडवी चढण्यासाठी पायऱ्यांशेजारी उतरण आणि हाताशी धरायला कठडा ठेवणे, शौचालय वृद्धांच्या खोलीजवळ पण वारा घराबाहेर जातो त्या बाजूला आणणे, हे बदल रचनेच्या मूळ तत्त्वाला धक्का न लावता करता येतात.

जांभा : श्वास घेणारी भिंत

या घराची भिंत ज्या दगडाची असते, त्याला शास्त्रीय परिभाषेत लॅटराइट म्हणतात. फ्रान्सिस बुकानन याने मलबारातील अंगडिपुरम येथे लोक हा दगड मऊ असताना विटेसारखा कापून घेतात हे पाहिले आणि १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात, वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, त्याला हे नाव दिले. उष्ण आणि अतिपावसाच्या प्रदेशात मूळ खडकातील सिलिका व इतर विरघळणारी द्रव्ये लाखो पावसाळ्यांत वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरतात. कोकणात हा मूळ खडक बहुतांशी बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ आहे. पाऊस ज्याला घडवतो तोच दगड पावसाविरुद्ध भिंत म्हणून उभा राहावा, हा या भूमीचा एक विलक्षण योग आहे.

खाणीतून नुकत्याच निघालेल्या चिऱ्याकडे, म्हणजे जांभ्याच्या कापलेल्या ठोकळ्याकडे, जवळून पाहिले तर तांबड्या, पिवळ्या आणि जांभळट रंगांच्या गाठी आणि त्यांमधून वळत गेलेल्या नळीसारख्या पोकळ्या दिसतात; काही पोकळ्यांत पांढुरकी चिकणमाती भरलेली असते आणि ती पहिल्या पावसात धुऊन जाते. चिरा हवेवर पडून राहिला की त्यातील लोहद्रव्ये घट्ट होत जातात आणि दगड कणखर बनतो, म्हणून जाणते गवंडी ताजा चिरा लगेच भिंतीत घालत नाहीत. सच्छिद्र असल्यामुळे हा दगड पाणी पितो आणि ऊन-वारा मिळताच ते सोडूनही देतो. जाड भिंत दिवसाची उष्णता हळूहळू शोषते, त्यामुळे दुपारी आतली हवा बाहेरच्यापेक्षा सौम्य राहते. १९१० मध्ये ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी बांधलेल्या रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यालाही हाच दगड वापरला आहे, म्हणजे जांभा गरिबाच्या गडग्यापासून राजाच्या महालापर्यंत सर्वांना पुरला.

आज पुष्कळ घरांत या भिंतीवर सिमेंटचा जाड गिलावा आणि त्यावर प्लास्टिकसारखा थर धरणारा रंग चढवला जातो. गिलाव्याला बारीक तडे जातात, त्यांतून पाणी आत शिरते, पण बाहेर पडण्याचा मार्ग रंगाने बुजवलेला असतो. मग श्रावणात भिंतीला फुगे येतात आणि दिवाळीपर्यंत पोपडे पडतात. चुन्याचा गिलावा किंवा चुन्याची सफेदी ही अडचण टाळते, कारण चुना भिंतीतील वाफेला वाट देतो आणि क्षारधर्मी असल्याने बुरशीला सहज थारा देत नाही. आतील एखादी मधली भिंत गिलाव्याविना ठेवून तिचे सांधे नीट भरून घेतले, तर दगडाचे मूळ रंगच सजावटीचे काम करतात. पश्चिमेकडची, झडीच्या माऱ्यातली भिंत मात्र अशी उघडी ठेवण्यापूर्वी तिच्यावर पुरेशी वळचण आहे ना, हे पाहिले पाहिजे. जाड भिंतीचा आणखी एक लाभ म्हणजे कोनाडे आणि फडताळे : बांधतानाच भिंतीत सोडलेल्या या जागा कपाटांची संख्या कमी करतात, आणि न लागलेले कपाट हेच सर्वांत पर्यावरणपूरक कपाट असते.

स्थानिक साहित्य म्हणजे निर्दोष साहित्य, असाही समज करून घेऊ नये. यंत्राने चिरे कापण्याची सोय झाल्यापासून सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारांवर, चौकोनी खड्डे पडत चालले आहेत. हे सडे उन्हाळ्यात ओसाड दिसतात, पण पावसाळ्यात तेथे अनेक दुर्मीळ फुलझाडे उगवतात. दीपकाडीसारखी कोकणापुरतीच आढळणारी वनस्पतीही त्यांवर वाढते, आणि ज्या कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला तीही अशाच सड्यांवर कोरलेली आहेत. म्हणून मोडलेल्या घराचे चिरे आणि जुनी तुळई पुन्हा वापरणे हा नव्या खाणीचा दगड आणण्याआधी विचारात घेण्याचा मार्ग आहे. जांभ्याचा चिरा विटेसारखा भाजावा लागत नाही आणि मोडल्यावर दुसऱ्या भिंतीत जातो, हा त्याचा मोठा गुण जपला तरच त्याच्या शाश्वतपणाला अर्थ राहतो.

छप्पर, वारा आणि उजेड

कौलारू छपराचा इतिहासही या किनाऱ्याचाच आहे. पूर्वी कुंभाराने चाकावर घडवलेली नळ्याची कौले असत. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात बासेल मिशनने मंगळूर येथे साच्यातून काढलेल्या चपट्या कौलांचा कारखाना सुरू केला आणि तेथून ही मंगलोरी कौले साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. दोन्ही प्रकारांत कौले एकमेकांवर नुसती बसलेली असतात; त्यांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते आणि तिची जागा भरण्यासाठी खालच्या दारा-खिडक्यांतून थंड हवा आत येते. गरम हवा हलकी होऊन वर चढते या नियमावर चालणाऱ्या या प्रवाहाला वीज लागत नाही. समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या ठेवल्या तर दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीकडून वाहणारे मतलई वारे यांनाही घरातून वाट मिळते. या प्रदेशात पाऱ्यापेक्षा दमटपणा अधिक छळतो आणि घाम सुकण्यासाठी हवा हलती असावी लागते. ज्या दिवशी वारा पडतो त्या दिवशीही साध्या पंख्याच्या ७० ते ७५ वॉटच्या जागी साधारण ३० वॉटमध्ये चालणारा ब्रशरहित मोटरचा पंखा हे काम करतो.

कौलांना दोन अडचणी आहेत. दरवर्षी पावसाआधी घर शाकारावे लागते, म्हणजे फुटकी कौले बदलून बाकीची झाडून पुन्हा लावावी लागतात, आणि हे काम जाणणारे हात कमी होत आहेत. दुसरे म्हणजे माकडांच्या उड्यांनी कौले फुटतात, म्हणून अनेकांनी कंटाळून पत्रा घातला आहे. पत्रा उन्हात तापून खालच्या खोलीला भाजतो आणि पावसात इतका वाजतो की शेजारी बसलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. जेथे पत्रा टाळणे शक्य नाही, तेथे त्याच्यावर कौलांचा थर बसवणे किंवा त्याच्याखाली लाकडी माळा घालून मधल्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळीची वाट ठेवणे, हे उपाय उष्णता आणि आवाज दोन्ही कमी करतात. जुन्या घरातील माळा नेमके हेच काम करीत असे. वर कडधान्ये, सोले आणि सरपण साठवलेले असे आणि त्या साठ्याखाली माजघर निवांत असे.

उजेडाच्या बाबतीत जुने घर उणे पडते, पण त्यानेच एक सुंदर तोडगाही दिला आहे. कौलांच्या रांगेत दोन-तीन काचेची कौले बसवली की सकाळी उन्हाचा चौकोनी तुकडा माजघराच्या भिंतीवर उतरतो, दुपारी तो जमिनीवर येतो आणि तिसऱ्या प्रहरी समोरच्या भिंतीवर चढतो. घड्याळ न पाहता घरातल्यांना वेळ कळते. ढगाळ महिन्यांतही आकाशाचा उजेड वरून येत असल्याने बाजूच्या खिडकीपेक्षा तो खोलीत अधिक सारखा पसरतो, आणि भिंतींना चुन्याची सफेदी असेल तर दिवसा दिवा लावण्याची गरज क्वचित भासते. अशी कौले स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि जिन्यावर आधी बसवावीत. झोपण्याच्या खोलीत ती जपून वापरावीत.

पायाखालची जमीन

पारंपरिक जमीन तयार करण्याची रीत पाहिली तर शाश्वत अंतर्भागाचा सगळा हिशेब तिच्यात दिसतो. तांबडी माती बारीक करून पसरतात, पाणी मारतात, अर्धवट सुकू देतात आणि लाकडी चोपण्याने दिवसच्या दिवस चोपून घट्ट करतात. मग तिच्यावर शेणाचा काला हाताने अर्धवर्तुळाकार फिरवत पसरवला जातो आणि वाळल्यावर बोटांच्या वळणांची फिकट नक्षी मागे राहते. शेणातील न पचलेले तंतू मातीला धरून ठेवतात, तडे बुजतात, धूळ बसते आणि खराब झालेला भाग तेवढाच उकरून पुन्हा करता येतो. सुरुवातीला विचारलेल्या तिन्ही प्रश्नांना या जमिनीचे उत्तर होकारार्थी आहे. तरी तिची किंमत कोण मोजत होते, हे विसरता येत नाही : वारंवार सारवण्याचे श्रम जवळजवळ पूर्णपणे बायकांचे होते, आणि नोकरी करणाऱ्या स्त्रीकडून ते मागणे अन्यायाचे ठरेल. खळ्यापुरती सारवणाची रीत सणासुदीला जपून आत दुसरा पर्याय निवडणे हे अधिक न्याय्य आहे.

तो पर्याय निवडताना भर पावसाळ्यात फरशी कशी वागते ते पाहावे. गुळगुळीत, न शोषणाऱ्या फरशीचा पृष्ठभाग हवेपेक्षा थंड असला की हवेतील वाफ त्यावर पाणी होऊन जमते; जमीन ओली होते आणि वृद्ध माणूस घसरतो. जांभ्याची फरशी, खरबरीत शहाबादी किंवा तांबडा कोबा यांवर पाय धरतो. कोबा म्हणजे सिमेंटच्या पातळ थरात लोहाचा तांबडा रंग मिसळून, घोटून सपाट केलेली सलग जमीन. तिच्यात सांधे नसतात आणि ती वापराने चकाकत जाते. सिमेंट लागतेच, पण थोडे लागते, आणि हा फरक लहान नाही. सिमेंटची भट्टी सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते आणि जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात या उद्योगाचा वाटा ७ ते ८ टक्क्यांच्या घरात आहे. चुन्याची भट्टी सुमारे ९०० अंशांवर भागते आणि चुना भिंतीवर घट्ट होताना भट्टीत सुटलेल्या वायूचा काही भाग हवेतून परत घेतो. केरळात आयुष्याचा मोठा भाग घालवलेले वास्तुरचनाकार लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी जवळचे साहित्य, कमी सिमेंट आणि अनावश्यक गिलाव्याला फाटा ही तत्त्वे शेकडो घरांत उतरवून दाखवली. केरळाचा जांभा आणि पाऊस कोकणासारखाच असल्याने त्यांचे काम येथे थेट उपयोगी पडते.

लाकूड, बांबू आणि काथ्या

कोकणातील सुतारांनी प्रत्येक झाडाला त्याचे काम नेमून दिलेले आहे : ऐन व किंजळ वाशांना, साग दारा-खिडक्यांना, फणस खांबांना आणि देव्हाऱ्याला. फणसाचे पिवळे लाकूड काळाबरोबर तपकिरी होत जाते आणि वाळवीला सहसा दाद देत नाही. आजच्या घरात या लाकडांची जागा प्लायवूड आणि भुशाच्या दाबीव फळ्यांनी घेतली आहे. या फळ्या चिकटवण्यासाठी पुष्कळदा फॉर्मल्डिहाइडयुक्त डिंक वापरतात; त्यातून हा वायू दीर्घकाळ सुटत राहतो, उष्ण व दमट हवेत अधिक सुटतो, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात घातले आहे. दाबीव फळीला ओल लागली की ती फुगते आणि मग सुतारालाही तिचे काही करता येत नाही. जुन्या घरातून निघालेले लाकूड मात्र अनेक पावसाळे खाऊन स्थिरावलेले असते. जुन्या दाराचे टेबल, तुळईचा बाक आणि वाशांची मांडणी होऊ शकते. पूर्वी चुलीचा धूर माळ्यावरच्या लाकडाला किडीपासून वाचवत असे, तोच धूर स्वयंपाक करणारीची फुफ्फुसे जाळत असे. आज गॅस आल्यावर लाकडाची काळजी वेगळी घ्यावी लागते. छपराच्या दडलेल्या लाकडाला काजूच्या टरफलातून निघणारे काळे तेल लावण्याची रीत आहे. हे तेल कातडी भाजते, म्हणून हात लागणाऱ्या सामानाला त्याऐवजी जवसाचे तेल योग्य.

बांबूच्या बाबतीत हा प्रदेश भाग्यवान आहे. माणगा हा पश्चिम किनाऱ्यावरचा बांबू जवळजवळ भरीव आणि बिनकाट्याचा असतो, त्यामुळे खुर्च्या, खाटा, जिन्याचे कठडे आणि पार्टिशन यांना तो उत्तम चालतो. बांबूत पिष्ट साठलेले असते आणि भुंगे त्याच्यासाठीच तो पोखरतात. म्हणून पावसाळा संपल्यावर पक्का बांबू तोडून काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत आहे, आणि आता बोरिक आम्ल व बोरॅक्स यांच्या द्रावणाची प्रक्रियाही केली जाते. हे क्षार पावसाने धुऊन जातात, म्हणून असा बांबू छताखालीच वापरावा. २००४ पासून कुडाळ येथे कोकण बांबू व वेत विकास केंद्र, म्हणजेच कोनबॅक, या क्षेत्रात काम करीत आहे, आणि २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनाबाहेरचा बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून वगळला गेल्याने शेतकऱ्याला स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडणे सोपे झाले. बुरुडाकडून घेतलेली रोवळी, सूप आणि हारे यांच्या विणकामात दिव्यांची झाकणे, फळांच्या टोपल्या आणि खिडक्यांचे पडदे होण्याची क्षमता आहे. नारळाच्या काथ्याची पायपुसणी आणि चटया पाणी झटकून लवकर सुकतात. सामान कोणतेही असो, त्याचे पाय जमिनीपासून उंच आणि पाठ भिंतीपासून चार बोटे दूर असावी, म्हणजे मागे हवा खेळते. कपाटांना जाळीची दारे लावली तर आतली बुरशी बरीच कमी होते.

झाडे : आत की बाहेर

निसर्गाविषयी माणसाला असणाऱ्या उपजत ओढीला जीवशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी १९८४ मधील आपल्या ग्रंथात 'बायोफिलिया' म्हटले. त्याच वर्षी रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतील एका रुग्णालयातील नोंदींवरून दाखवले की, शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती त्या २३ रुग्णांना, विटांची भिंत दिसणाऱ्या तितक्याच रुग्णांपेक्षा लवकर घरी जाता आले आणि तीव्र वेदनाशामके कमी लागली. घर आखताना यातून निघणारा धडा असा की, ज्या जागी माणूस सर्वाधिक वेळ बसतो किंवा निजतो, तेथून झाड दिसले पाहिजे. आजारी आजोबांची खाट खिडकीकडे तोंड करून लावणे, ही सर्वांत स्वस्त निसर्गप्रेरित सजावट आहे.

कुंडीतली झाडे घरातली हवा शुद्ध करतात, हा समज मात्र तपासून घ्यावा लागतो. १९८९ मध्ये नासाने बंदिस्त पेटीत केलेल्या प्रयोगांवरून तो पसरला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याने दाखवले की, खऱ्या घरात केवळ हवा खेळती ठेवून जे काम होते ते झाडांकडून करून घ्यायचे तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत कुंड्या लागतील. उलट बंद खोलीतील ओल्या मातीच्या कुंड्या पावसाळ्यात दमटपणात भर घालतात. झाडांची खरी जागा घराभोवती आहे. न्हाणीच्या पाण्यावर वाढणारी केळ, अळू आणि कर्दळ सांडपाणी मुरवतात आणि मागील दार थंड ठेवतात. खळ्याच्या कडेचा सोनचाफा आणि अबोली वाऱ्याबरोबर सुगंध आत धाडतात. पश्चिमेचा फणस उतरत्या उन्हाला अडवतो. वळचणीला पन्हळ लावून टाकीत उतरवलेले थोडे जरी पाणी मे महिन्यापर्यंत पुरले, तरी ज्या गावात पावसाळ्यात पूर येतो आणि उन्हाळ्यात विहीर आटते, तेथे त्याचे मोल कळते.

खर्चाचा क्रम

या सर्व विवेचनाचे सार खर्चाच्या क्रमात सांगता येते. मर्यादित पैसा असलेल्या कुटुंबाने तो आधी छप्पर आणि वळचण यांवर, मग जोते आणि पाण्याचा निचरा यांवर, त्यानंतर हवा व उजेड यांच्या वाटांवर, त्यानंतर भिंत व जमीन यांच्या पृष्ठांवर आणि सर्वांत शेवटी सामानावर घालावा. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा असतो; महागडा सोफा गळक्या छपराखाली ठेवला जातो आणि दोष पावसाला दिला जातो. क्रम सरळ केला की शोभेची निराळी चिंता करावी लागत नाही, कारण घोटलेला कोबा, चुन्याची पांढरी भिंत, फणसाचे खांब आणि काचेच्या कौलातून उतरलेले ऊन यांच्यात स्वतःचे सौंदर्य आहे.

पालीसारख्या गावांत आज जी जुनी घरे उभी आहेत, त्यांचा निकाल घाईने लावू नये. मोडण्याचा किंवा बदलण्याचा निर्णय घेण्यापूर्वी कुटुंबाने त्या घरात एक पूर्ण पावसाळा डोळे उघडे ठेवून काढावा; पाणी कोठून शिरते, वारा कोठे अडतो, कोणती भिंत दिवाळीपर्यंत ओली राहते आणि घरातली माणसे आपणहून कोठे जाऊन बसतात, याची वहीत नोंद करावी, आणि ती वही गवंडी व सुतार यांच्यासमोर ठेवावी. घराचा सर्वांत विश्वासू आराखडा त्या वहीत असेल.